वजन उतरतं, भूक उतरत नाही: तुमचे अनुभव सांगा

शेवंती
काल माळ्यावरची आईची ट्रंक उघडली. एकेका ब्लाउजला चार-चार टिपा, उसवून पुन्हा घातलेल्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास करायची. तरी आत्या म्हणायची, "वहिनी, तोंडाला आवर घाला."
मी 84 किलोवरून 67 वर आले होते. दीड वर्षात परत 81. त्या काळात शेजारच्या भाताचा वास आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, वजन घटलं की पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि वर्ष उलटलं तरी ते पूर्ववत होत नाही. आईला हे कुणी सांगितलंच नाही हो. तुमच्याकडे कसं आहे?

रानजाई
टिपांचं वाचून गलबललं.

नागपूरकर७१
आम्ही जुळे. भाऊ पंचवीस वर्षं मस्कतला, मी इथे. खाणं वेगळं, हवा वेगळी. दिवाळीत आला तेव्हा माझी पँट त्याला बरोब्बर बसली. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचीही वजनं मिळतीजुळती असतात, हे 1990 मध्येच छापून आलंय.

मृण्मयी_प
आजी, आई, मी, तिघींचे हातपाय काड्या आणि पोट पुढे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या गावांत यावर काम करतायत. तिथली बाळं जेमतेम पावणेतीन किलोची, पण कमी पडतात ते स्नायू, चरबी फारशी कमी नसते. म्हणजे नुसती जनुकं नव्हेत, आईच्या पोटातलं पोषणही आलं. त्यांनी स्वतःचा नि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. चरबी त्या गोऱ्याची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! सासूबाईंना मुद्दाम दाखवला.

कुसुम_ताई
उपास म्हणजे साबुदाणाच की गं. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

सायली
मी आठ महिने भूक कमी करणारं इंजेक्शन घेतेय. पहिल्यांदाच अर्धी पोळी ताटात राहिली आणि मला ती दिसलीसुद्धा नाही. बाकीच्यांना हे रोज असंच असतं? मी चाळीस वर्षं स्वतःला हावरट समजत होते. मध्ये खर्च झेपेना म्हणून दोन महिने थांबवलं, तर भूक जशीच्या तशी परत. रात्री दोनला दाण्याच्या लाडवांचा डबा, झाकण वाजू नये म्हणून पदराखाली धरून उघडलेला.

रानजाई
सायली, माझाही डबा असाच उघडतो गं. एकटी नाहीस.

कुसुम_ताई
आले. ट्रंक लोखंडी असेल तर तळाला कडुनिंबाचा पाला घाल, कसर लागत नाही.

शेवंती
ताई, पाला होताच, आईनेच घातलेला, पार चुरा झालाय. आत्या आता 78 वर्षांची आहे. रविवारी येतेय, तिला हे सगळं वाचून दाखवणार आहे.