जुन्या पंपाच्या गाडीचं इंजिनकाम करू की बीएस-६ घेऊ? मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी जालन्याहून सोलापूरला सळई भरतो. घरची १० चाकी ट्रक २०१२ ची, साध्या पंपाची, म्हणजे डिझेलचा पंप कॉम्प्युटरशिवाय चालणारा. आता ती ऑइल खायला लागलीय. मिस्त्री म्हणतो, पूर्ण काम करा, अजून पाच वर्षं पळेल.

मागच्या महिन्यात मेव्हण्याची बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी चालवली. स्टेअरिंग हलकं, ब्रेक चांगले, रात्रभर चालवूनही कंबर धरली नाही. पण मांजरसुंब्याच्या घाटात धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला अन् पिकअपच गेला. पहिल्या गिअरवर रांगत वर आलो. ढाब्यावर उभी करून रिजनरेशनचं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायचं बटण दाबलं; इंजिन आपोआप रेस झालं, सायलेन्सरजवळ हात नेववत नव्हता. चाळीस मिनिटं तशीच उभी. माझ्या जुनीनं डिझेलच्या लाइनीत एअर धरली तर बॅटरीच्या उजेडात स्क्रू ढिला करून हातपंप मारतो, दहा मिनिटांत चालू. हा भरवसा मला फार मोठा वाटतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना एसी केबिन आहे. मे महिन्यात आपल्याकडं ते सुख छोटं नाही, हेही कळतं.

ज्यांची बीएस-६ तीन लाख किलोमीटरच्या पुढं गेलीय त्यांनी खरं सांगा: फिल्टर, सेन्सर, धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पंपाला किती खर्च आला? बीड-धाराशिव पट्ट्यात स्कॅनर लावून बिघाड शोधणारा भरवशाचा मिस्त्री आहे का? की २०१७ ते २०२० मधली, आधीच्या नियमांची बीएस-४ बघू? दिवाळीच्या आत ठरवायचंय.