मदत हवी आहे: घरासाठी पहिलं शस्त्र, बाबांची दुनाली की बत्तीस बोर? (ग्वाल्हेर)

लष्करवाला
नमस्कार मंडळी. लष्कर भागात दुमजली घर. खाली आई-बाबा (६८ आणि ७४), वर आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा. बाबांच्या नावावर बारा बोरची दुनाली (दोन नळ्यांची छर्‍याची बंदूक; बोर म्हणजे नळीचं माप) आहे, परवाना चालू आहे, पण त्यांचे हात आता थरथरतात. ती माझ्या नावावर होते का? की नवा परवाना काढून बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर घ्यावं? एक दुकानदार पिस्तूलच घ्या म्हणतो, गोळ्या जास्त बसतात म्हणून. नऊ एमएम मागितलं तर तो हसला. नेमबाजीचा अनुभव शून्य, हे आधीच सांगतो.

मुरारची_मावशी
हसला ते बरोबरच आहे. नऊ एमएम, .३०३ हे प्रतिबंधित बोर, ते तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. सामान्य परवान्यावर मिळतं ते मुख्यतः ३२ बोर रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, बारा बोर, आणि काही रायफली.

दुनाली नावावर होते. आयुध नियम २०१६ मधला नियम २५ बघा. परवानाधारक सत्तरीच्या पुढे गेला असेल, किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. वारसाचा अर्ज वेगळा करायचा आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत शपथपत्र जोडायचं. बहीण परगावी असेल तर तिचं शपथपत्र आधी मागवा, फाइल बहुधा तिथेच अडते.

अर्ज फॉर्म ए-१ वर, परवाना जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर देणार, मध्ये पोलिसांचा अहवाल. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल. वय २१ पूर्ण हवं. आयुध कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं, आणि परवाना पाच वर्षांचा.

आणि एक महत्त्वाचं. परवाना बाबांचा आहे तोवर तुम्ही ती बंदूक उचलून कुठेही जायचं नाही. आयुध कायद्याच्या कलम ३ मध्ये सूट एवढीच आहे की दुरुस्तीला, परवाना नूतनीकरणाला किंवा बाबांच्याच वापरासाठी नेताना बाबा सोबत हवेत किंवा त्यांचं लेखी अधिकारपत्र खिशात हवं. तोंडी ‘बाबांनी सांगितलं’ चालत नाही.

दुनाली१२
मावशींनी कागद सांगितले, मी लोखंड सांगतो. दुनाली घ्यायची की नाही हे ती उघडून बघितल्याशिवाय ठरत नाही. बाबांसमोर, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि करंगळीने तपासून, मग हे बघा:

बंदूक मोडा (मधून वाकवा) आणि नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचे ठसे वाचा. तिथे प्रूफची (नळी दाबाच्या चाचणीत टिकल्याची) खूण असते, आणि बर्‍याच बंदुकांवर चेंबरची (काडतूस बसतं त्या घराची) लांबीही: ६५ किंवा ७० मिलिमीटर. जुन्या विलायती बंदुकीवर अडीच इंच लिहिलेलं दिसेल, ते ६५ च.

नळीवर लाकडातल्या रेषांसारखी वेलांटी-वेलांटीची नक्षी दिसली तर थांबा. ती वळलेल्या पट्ट्यांची, काळ्या दारूच्या काळातली नळी असू शकते. आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

मग बंद करून, पुढचं लाकूड काढून, दस्ता घट्ट धरा आणि नळ्या आडव्या हलवा. खटखट जाणवली तर बिजागरी ढिली. उजेडाकडे धरून जोडाच्या फटीतून प्रकाश दिसतो का तेही बघा. दोन्ही दुरुस्त होतात, पण शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच.

राहता राहिला वापर. दुनाली साधी, भरोशाची, पण चार फुटांच्या आसपास लांब. लष्करातल्या जुन्या घराच्या चिंचोळ्या जिन्यात ती वळवून बघा, मग कळेल. नळी कापून छोटी करू असा सल्ला कोणी देईल, देतातच. वेगळ्या परवान्याशिवाय नळी कापणं हा आयुध कायद्याच्या कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि २० इंचांपेक्षा छोटी नळी साध्या परवान्यात बसतच नाही.

छर्‍याला नेम धरावा लागत नाही, हाही भ्रम. खोलीत तीन-चार मीटरवर छरा जेमतेम मुठीएवढा पसरतो.

कंपूकर
दुनालीशेठ, सगळं मान्य, पण जिन्यावर रात्री एका हातात टॉर्च आणि एका हातात बंदूक, हे कसं जमणार? घरात माणूस एकटा असेल तर रिव्हॉल्वर बरं.

लष्करवाले, पिस्तूल-रिव्हॉल्वरचा फरक दुकानदार सांगतो तेवढाच नाही. दोन्ही ‘३२’ म्हणवतात, पण काडतूस वेगळं. रिव्हॉल्वरचं लांब, बुडाला कडा असलेलं (७.६५ × २३), पिस्तुलाचं आखूड (७.६५ × १७). खोक्यावर वाचून घ्या.

नवशिक्याने पिस्तूल घेऊ नये असं माझं मत. मॅगझिन (गोळ्यांचा खोका) काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं, आणि ‘रिकामं आहे’ म्हणून जे अपघात होतात ते अनेकदा त्या एकाचेच. रिव्हॉल्वर उघडलं की सहाही घरं समोर. कानपूरचं सरकारी ३२ बोर वरून मोडून उघडतं. तिथलंच ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्वर हलकं, पाचशे ग्रॅमच्या आसपास, २०१४ मध्ये आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात. हलकं म्हणजे धक्का जास्त, आणि घोडा न चढवता सरळ चाप ओढला तर चाप जड. आईंच्या बोटाला तो ओढला जातो का, हे दुकानातच, रिकाम्या शस्त्रावर, दुकानदाराच्या परवानगीने बघा. पण लक्षात ठेवा, परवाना ज्याचा त्यानेच वापरायचं. आईंना वापरायचं असेल तर परवाना आईंच्या नावाचा हवा.

मुरारची_मावशी
कंपूकर, शेवटचं वाक्य ठळक अक्षरात लिहायला हवं होतं. घरात एक परवाना म्हणजे घर सशस्त्र, असं नाही.

आणि ‘चोर आला की गोळी’ हेही डोक्यातून काढा. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षण कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्तानंतरची घरफोडी कलम ४१ मध्ये येते हे खरं, पण कलम ३७ तिथेच बसलंय: गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पळणार्‍याच्या पाठीत गोळी म्हणजे खटला तुमच्यावर. दार आतून लावून ११२ फिरवायचं, शस्त्र त्या दाराच्या आत.

लष्करवाला
खूप आभार. मुलगा सात वर्षांचा आहे, तर ठेवायचं कुठे? बाबांची बंदूक सध्या चामड्याच्या खोळीत, दिवाणाखाली.

कंपूकर
दिवाणाखालून आजच काढायला सांगा. लोखंडी पेटी, भिंतीला किंवा फरशीला आतून बोल्टने जखडलेली. काडतुसं दुसर्‍या कुलपात, दोन किल्ल्या दोन ठिकाणी. उशाशी ठेवायचंच असेल तर आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी, आणि तीही जखडलेली, नाहीतर चोर पेटीसकट नेतो. मुलाला जन्मतारीख पाठ असते, तो आकडा नको.

चामड्याची खोळ ही दुसरी चूक. चामडं दमट हवा धरून ठेवतं, एका पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके उठतात. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, नळीला पातळ बंदुकीचं तेल लावा. तेल मात्र पुसून. ओघळलं की काडतुसाच्या टोपीत शिरतं आणि ऐनवेळी फुसकं निघतं.

दुनाली१२
फुसक्याचा विषय निघालाच आहे तर, सरावाला जाल तेव्हा दोन गोष्टी. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर तोंड निशाण्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, कधी कधी ते उशिरा उडतं. आवाज झाला पण ‘फुस्’ असा, धक्का नाही, तर मोठा धोका: गोळी नळीत अडकली असेल. पुढची मारली तर नळी फुटते. रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच मिळतात. खोकी (रिकामी) टाकू नका, नवी घेताना बर्‍याच ठिकाणी मागतात. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा दुकानात जमा करायचा आदेश येतो. आपल्या भागात तर हमखास. पावती घ्या, तिच्यावर शस्त्राचा नंबर आहे ना ते तिथेच जुळवा.

लष्करवाला
काल बाबांसमोर उघडून बघितली. प्रूफची खूण आहे, नळी साधी, नक्षी नाही, हलवल्यावर खटखट नाही. ठसा ६५ चा. पण बाबांकडच्या डब्यातल्या काडतुसांवर ७० लिहिलंय, आणि ती व्यवस्थित आत बसतात. मग चालतील ना?

दुनाली१२
नाही! बसतात म्हणूनच लोक फसतात. ७० हा आकडा उडाल्यावर उघडलेल्या काडतुसाचा. मिटलेलं असताना ते आखूड असतं, म्हणून ६५ च्या घरात सहज जातं. उडताना तोंड उघडायला पुढे जागाच नाही, ते नळीच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब एकदम वाढतो. ती काडतुसं वेगळी काढा. आधी दुकानात ६५ ची मिळतात का विचारा, मग नावावर करायचा अर्ज भरा. मिळत नसतील तर कंपूकरांचं रिव्हॉल्वर बरं.

कंपूकर
शेवटी आलात ना लायनीवर 😄 लष्करवाले, ती ७० ची काडतुसं कचर्‍यात किंवा नदीत टाकू नका. बाबांना सोबत घेऊन परवानाधारक दुकानातच जमा करा आणि परवान्यावर नोंद करून घ्या.