मानमोडी : शिवी की साल?

आमची बुढी तुरीत शिरलेल्या बकरीवर ओरडते, "तुले मानमोडी येवो!" लहानपणापासून ऐकतोय, अर्थ कधी विचारला नाही. परवा पणजोबांचं वय काढत बसलो तर तीच म्हणाली, "मामंजी मानमोडीच्या साली पायन्यात (पाळण्यात) होते." मग हा शब्द शिवी की साल? वणी-मारेगावकडं अजून कोणी वापरतं का?

— भाऊ, साल १९१८. इन्फ्लुएन्झाची साथ. मान + मोडणे. अंग इतकं ठणकायचं की मान धरवत नसे. डेंग्यूला आपण हाडमोडी ताप म्हणतो, तशीच घडण. जूनमध्ये मुंबईत शिरलेला ताप रेल्वेनं आत आला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला, आणि सप्टेंबरपासून दुसरी, खरी मारकी लाट आली, म्हणजे ऐन कापूस वेचणीच्या तोंडावर. मध्य प्रांत-वऱ्हाडाला फार जबर फटका बसला. देशात १ कोटी २० लाख ते २ कोटी माणसं गेल्याचा अंदाज आहे. पहिल्या महायुद्धात आपले सैनिक मेले सुमारे ७४ हजार. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. असं दशक पुन्हा आलं नाही.

— मला वाटायचं मानमोडी म्हणजे पटकी.

— नाही ताई. पटकी म्हणजे कॉलरा, तिची मरीमाय गावाच्या शिवेवर बसलेली असते. प्लेग तो गाठीचा ताप. शिव्या तिन्हींच्या झाल्या, पण साल मोजायला मात्र मानमोडीच कामी आली, कारण ती एकदाच आली. पटकी दर दोन-चार वर्षांनी यायची, तिच्यावरून जन्मसाल काय सांगणार? आमच्या नरखेडकडं तसंच "मोवाड वाहून गेलं तवा" म्हणतात. ३० जुलै १९९१, वर्धा नदीचा पूर, २०४ माणसं गेली. आकडा लहान, पण पंचक्रोशीची कालगणना तिथून.

— गंमत पाहा, लढाईचा शब्द प्रमाण मराठीत गेला. सोयाबीन बुडालं की "पानिपत झालं" असं पेपरातही छापतात. १७६१ ची "लाख बांगडी फुटली" शाळेत पाठ असते. मानमोडीत किती फुटल्या, ते मोजायला कासार तरी उरला होता का? तो शब्द बुढ्यांच्या तोंडीच राहिला. माझ्या मते बखरी लिहिणारे असतात तिथं शब्द मोठा होतो. कोणाचं वेगळं मत असेल तर सांगा.

— मूळ प्रश्न मीच टाकला होता. काल बुढीला विचारलं, माणसाला म्हणतेस का कधी? ती म्हणे, "ना बाप्पा! ढोराले म्हनावं, मानसाले नाई. मामंजीच्या घरचे तीन त्यातच गेले."