एकाच प्रार्थनाघराला शेजारी शेजारी दोन सारखे दरवाजे का?

कृष्णाकाठ_सांगली:
भाऊ पेनसिल्व्हेनियात असतो, त्यानं बकिंगहॅमच्या क्वेकर (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) मीटिंग हाऊसचे, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराचे फोटो पाठवलेत, १७६८ चं दगडी दुमजली बांधकाम. मला वाटलं मनोरा असंल, क्रूस असंल, तर काहीच नाही, वेदीपण नाही, नुसती बाकडी. आणि पुढं दोन सारखे दरवाजे, आत मधोमध लाकडी पार्टिशन. भाऊ म्हणतोय एक दरवाजा बायकांचा. मग तिकडं पण सोवळं-ओवळं होतं काय?

वाईकर_आर्किटेक्ट:
सोवळ्याचा काय संबंध नाही ओ. ह्यांच्यात पाद्री नसतो, सगळे गप्प बसायचे आणि ज्याला आतून बोलावंसं वाटंल त्यानं उठून बोलायचं, बाई असली तरी. मग वेदी कुणासाठी बांधणार? समोर जरा उंचावर ज्येष्ठांची बाकडी, लोकांकडं तोंड करून, बास. प्रार्थनेला पार्टिशन उघडं, बायका एकीकडं पुरुष एकीकडं पण खोली एकच. नंतर कारभाराची मीटिंग, म्हणजे लग्नाला मंजुरी, गरिबांना मदत वगैरे, तेव्हा फळ्या बंद, जुन्या पेठेतल्या दुकानासारख्या. बायकांची सभा वेगळी, क्लार्क म्हणजे सभा चालवणारी वेगळी, नोंदवहीपण वेगळी. बकिंगहॅमची खासियत हीच की दोन्ही बाजू सारख्या मापाच्या, त्याआधी बऱ्याच ठिकाणी बायकांची खोली म्हणजे बाजूला जोडलेली छोटी. पुढं हाच नकाशा कित्येक गावांनी उचलला.

कराडकर७७:
मापं सारखी झाली हो, पण बऱ्याच ठिकाणी बायकांनी ठरवलेलं परत पुरुषांच्या सभेकडूनच मंजूर करून घ्यावं लागायचं, तेपण सांगा की 😀

अजिंक्यतारा_सातारा:
साधेपणाचं मूळ इंग्लंडात आहे. हा पंथ सुरू करणाऱ्या जॉर्ज फॉक्सचं म्हणणं होतं की देव काय इमारतीत राहत नाही, त्यामुळं सुरुवातीला घरात, गोठ्यात, माळावर कुठंपण जमायचे. १६६४ च्या कायद्यानं अशा जमण्यावर बंदी होती, लोक तुरुंगात जायचे, तरी हर्टफर्डला १६७० मध्ये मीटिंग हाऊस बांधलंच, आणि ते अजून वापरात आहे. १६८९ ला कायद्यानं मोकळीक दिली तेव्हा कुठं धडाधड बांधकामं सुरू झाली. बांधणारे गावातलेच गवंडी-सुतार, त्यामुळं बाहेरनं बघितलं तर शेतकऱ्याचं घरच वाटतं.

कृष्णाकाठ_सांगली:
भारी माहिती. आत जाऊ देतात का पण?

वाईकर_आर्किटेक्ट:
रविवारी सकाळी कुणीपण जाऊन बसू शकतं, साधारण तासभर. भावाला म्हणावं वरच्या गॅलरीचेपण फोटो काढ, पार्टिशन वरपर्यंत गेलंय का बघायचंय मला.