खाली बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही, आईचं वय ६८, घाबरण्यासारखं आहे का?

बोरिवलीकर:
आईच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे त्यामुळे जिना जवळपास बंदच, परवा सत्यनारायणाला पाटावरून उठताना सोफा धरावा लागला आणि नेमका तेव्हाच तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला की हात न टेकता उठता आलं नाही तर माणूस लवकर जातो. आता ती घाबरून खाली बसतच नाही. खरं आहे का हे?

पार्कातली फेरी:
जमिनीवर बसून हात न टेकता उठायची टेस्ट खरी आहे, मेसेज अर्धवट आहे. ब्राझीलचे डॉ. क्लाउडिओ जिल अराउजो यांची ती. २०१२ साली छापलेल्या अभ्यासात ५१ ते ८० वयाचे २,००२ लोक होते, बसायला ५ आणि उठायला ५ मार्क, हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी १ कट, तोल गेला तर अर्धा. कमी मार्कवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त झाले हे बरोबर, पण ते उठता न आल्यामुळे नाही हो! पायातली ताकद, सांधे, तोल, वजन सगळं एकदम त्यात दिसून येतं, म्हणून ती खूण. गुडघेदुखी असेल तर नुसत्या तेवढ्यानेही मार्क जातात. खाली बसणं सोडलं तर उरलीसुरली सवयही जाईल, ते मात्र करू देऊ नका.

फिजिओ_ठाणे:
माझ्याकडे येणाऱ्या आज्यांना मी आधी खुर्चीच देते. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची, हात छातीवर, सावकाश उठायचं आणि बसताना धपकन नाही बसायचं, जमेल तितक्या वेळा, रोज. ते जमलं की ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, १० सेकंद हे टार्गेट. सुरुवातीला घरात कोणीतरी शेजारी हवंच, आणि पायात सुळसुळीत सपाता नकोत.

बोरिवलीकर:
थँक्यू दोघांनाही. उठल्यावर तिला कधीकधी गरगरतं पण, बीपीची गोळी चालू आहे.

फिजिओ_ठाणे:
मग व्यायाम नंतर, आधी डॉक्टर. झोपून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी बघायला सांगा, गोळीमुळे उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं. शाकाहारी असतील तर बी१२ पण, आणि डायबिटीस असेल तर तळपायाला बधिरपणा आहे का ते. गोळी स्वतःहून बंद करू नका प्लीज.