मित्रासाठी मुंडण केलेल्या मुलांना शाळेतून परत पाठवणे योग्य आहे का?

प्रश्न – पालक, दारव्हा तालुका
माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या वर्गातील एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला असून नागपूरला उपचार सुरू आहेत. औषधांमुळे केस गेल्यावर तो टोपी घालून शाळेत येऊ लागला, तेव्हा सहा मित्रांनी तान्ह्या पोळ्याचा बोजारा (लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरल्यावर मुलांना मिळणारे पैसे) एकत्र केला, 'आम्ही मुंडण करतो, तुम्ही जमेल ते द्या' असे घरोघरी सांगितले आणि जमलेले 4,350 रुपये त्याच्या आईच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी परिपाठालाच त्यांना रांगेतून बाहेर काढून, केस वाढल्यावर या, असे सांगण्यात आले. 'विचित्र केशरचना चालणार नाही' असा शाळेचा नियम आहे. शिक्षक मनापासून शिकवतात, त्यामुळे मला भांडायचे नाही; परंतु मुलगा तीन दिवसांपासून घरी आहे.

उत्तर – निवृत्त मुख्याध्यापक, पुसद
असा नियम मीही केला होता, पण तो डोक्यावर रेषा कोरणाऱ्या आणि केस रंगवणाऱ्या मुलांसाठी होता. मुंडणात मिरवण्यासारखे काही नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही, आणि मित्रासाठी केलेल्या गोष्टीबद्दल सर्वांसमोर रांगेतून काढणे हा माझ्या मते त्रासच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सहाही घरांच्या सह्यांचा एकच अर्ज समितीकडे द्यावा. शिक्षकांची बाजूही समजून घ्यावी. आपल्याकडे मुंडण केलेला मुलगा दिसला की 'घरी कोण गेले?' हाच पहिला प्रश्न मनात येतो, आणि एकदम सहा मुले तशी समोर आल्यावर कोणीही गोंधळेल. आदल्या दिवशी शाळेला कळवले असते, तर बहुधा हे टळले असते.

उत्तर – परिचारिका, वर्धा जिल्हा
त्या आजारी मुलाला कोणी विचारले का? केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर काम करतात. केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असल्याने केस गळतात आणि उपचार संपल्यावर बहुधा पुन्हा येतात. काही मुलांना मित्रांच्या मुंडणाने धीर येतो, तर काहींना सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटून अधिक संकोच होतो. शिवाय या काळात पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, म्हणून सर्दी-ताप असलेल्या मित्राने त्याच्यापासून दूर राहणे आणि बाकीच्यांनी साबणाने हात धुऊनच जवळ बसणे, हे मुंडणापेक्षाही महत्त्वाचे आहे.

उत्तर – मुलीची आई, वाशीम जिल्हा
माझ्या मुलीनेही असाच हट्ट धरला होता, पण तिच्या आजीला ते सहन होईना. विधवांच्या केशवपनाच्या गोष्टी तिने घरातच ऐकल्या होत्या. ते केशवपन आम्ही करणार नाही, म्हणून मुंबईच्या नाभिकांनी 1890 मध्ये संप केला होता, हे मी मुलीला सांगितले. शेवटी तिने कर्करुग्णांच्या टोपासाठी लांब वेणी कापून दिली.

प्रश्नकर्ते पालक
काल त्या मुलाच्या घरी जाऊन त्यालाच विचारले. मित्रांचे मुंडण त्याला आवडले, मात्र कोणी आपल्यासमोर रडू नये, असे तो म्हणाला, आणि बुडालेल्या गणिताच्या वह्या मागितल्या. त्या आज माझा मुलगा उतरवून काढतो आहे. अर्ज समितीच्या अध्यक्षांकडे दिला असून शनिवारी बैठक आहे.