मदत हवी आहे : प्लेटवर गुलाबी कॉलनी भरपूर, निळी एकही नाही, पण एचटूएसची बाटली काळी. विहिरीचं पाणी दूषित म्हणायचं का?

जांभ्याची_विहीर

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टीवायला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. प्रकल्पासाठी आमच्याच वाडीतल्या तीन विहिरींचं पाणी तपासते आहे. पाऊस सुरू झाल्यावर नमुने घेतले.

पद्धत अशी : 100 मिली पाणी 0.45 मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळून मेम्ब्रेन क्रोमोजेनिक कोलिफॉर्म अगारवर (जिवाणू रंगावरून वेगळे दाखवणाऱ्या माध्यमावर) ठेवलं, 36 अंशांना इनक्युबेट केलं आणि दुसऱ्या दिवशी मोजलं. माहितीपत्रकात लिहिलंय की गर्द निळी ते जांभळी कॉलनी म्हणजे ई. कोलाय (आतड्यात राहणारा, म्हणून विष्ठेची खूण मानला जाणारा) आणि गुलाबी ते लाल म्हणजे इतर कोलिफॉर्म (त्याच्याच गोतावळ्यातले जिवाणू). सोबतीला ग्रामपंचायतीकडे येणारी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड करणारे जिवाणू वाढले की काळी पडणारी) बाटलीही प्रत्येक विहिरीसाठी लावली.

देवळाजवळची विहीर, कठडा पक्का, वर जाळी : गुलाबी 6, निळी एकही नाही, बाटली जशीच्या तशी.
खालची, पाणंदीला लागून असलेली : गुलाबी तिसेक, निळ्या 11, बाटली काळी.
वरच्या आवाटातली, उघडी, आंब्याफणसाचा पाला थेट पाण्यात पडतो : गुलाबी इतक्या की एकमेकींत मिसळून गालिचा झालाय. निळी दिसत नाही. बाटली मात्र काळी ठिक्कर.

माझा प्रश्न या वरच्या विहिरीचा आहे. तिथल्या सुट्या दिसणाऱ्या काही गुलाबी कॉलनी मॅकॉन्की अगार या दुसऱ्या माध्यमावर स्ट्रीक केल्या, तर काही तिथेही गुलाबी आल्या, पण काही अगदी फिकट, जवळजवळ बिनरंगी. म्हणजे एकाच जिवाणूबद्दल दोन माध्यमं दोन गोष्टी सांगतायत. निळी कॉलनी नाही म्हणजे विष्ठेचा संसर्ग नाही, असा निष्कर्ष लिहावा असं मार्गदर्शकांचं मत आहे. मला ते पटत नाहीये, पण खोडायला नीट मुद्दाही सापडत नाहीये. त्या आवाटातली सगळी घरं हेच पाणी पितात, त्यात एक वहिनी गरोदर आहेत. त्यांना काय सांगू?

---

अगारवाली

तुझी शंका रास्त आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एका प्रयोगशाळेत पाण्याच्या बेंचवर माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

या प्लेटवरचा रंग जिवाणूचं नाव सांगत नाही, त्याच्याकडचं एन्झाइम सांगतो. माध्यमात दोन बिनरंगी पदार्थ असतात. एकात गॅलॅक्टोजला रंगद्रव्याचा अर्धा तुकडा जोडलेला असतो, दुसऱ्यात ग्लुकुरॉनिक आम्लाला. बीटा-गॅलॅक्टोसिडेज असेल तर पहिली जोडी तुटते आणि गुलाबी रंग येतो. बीटा-ग्लुकुरॉनिडेज असेल तर दुसरी तुटून निळा येतो. ई. कोलायकडे सहसा दोन्ही असतात, म्हणून गर्द निळा-जांभळा. सुटलेला तुकडा, म्हणजे इंडॉक्सिल, हवेतल्या ऑक्सिजनने जोडीजोडीने एकत्र येऊन नीळीसारखं न विरघळणारं द्रव्य बनतं. म्हणून रंग कॉलनीतच बसतो, अगारभर पसरत नाही. ओएनपीजी या दुसऱ्या चाचणी-रसायनाचा पिवळा रंग विरघळतो, म्हणून तो नळीतल्या द्रव माध्यमासाठी बरा, प्लेटसाठी नाही.

आता ग्लुकुरॉनिडेजच का? आपलं यकृत नको असलेली बरीच द्रव्यं ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून पित्तावाटे आतड्यात सोडतं. ई. कोलाय ती जोडणी तोडून ते आम्ल खातो. म्हणजे हे आतड्यात राहणाऱ्याच्या कामाचं एन्झाइम आहे. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

गॅलॅक्टोसिडेजचं तसं नाही. क्लेब्सिएला, एन्टेरोबॅक्टर, सिट्रोबॅक्टर मातीत, कुजक्या पाल्यात मजेत राहतात. पाला पडणाऱ्या उघड्या विहिरीत पावसाळ्यात गुलाबी गालिचा येणं साहजिक आहे. तेवढ्यावरून विष्ठा म्हणता येणार नाही.

पण उलटा निष्कर्षही काढू नकोस. ई. कोलायच्या साधारण 95 टक्के जातींमध्ये ग्लुकुरॉनिडेज दिसतं, उरलेल्यांत नाही. त्या उरलेल्यांत ओ157:एच7 ही रक्ती हगवण लावणारी जात येते. ती या प्लेटवर गुलाबीच दिसते, निळी नाही.

आणि मुख्य म्हणजे, गालिचा झालेली प्लेट वाचायचीच नसते. या पद्धतीला सुट्या कॉलनी लागतात. दाटीत कॉलनी खुरटतात, रंग एकमेकांत मिसळतात आणि चार-दोन निळ्या सहज झाकून जातात. ही पद्धत मुळात नळाच्या, कमी जिवाणू असलेल्या पाण्यासाठी बेतलेली आहे. उघड्या विहिरीसाठी 10 मिली आणि 1 मिली गाळून बघ. 1 मिली थेट गाळू नकोस, निर्जंतुक द्रावणात मिसळून गाळ, नाहीतर मेम्ब्रेनवर एकसारखं पसरत नाही.

---

जांभ्याची_विहीर

ताई, खूप आभार. उद्याच 10 आणि 1 मिली लावते. पण मॅकॉन्कीवर फिकट का आल्या? तिथेही लॅक्टोजच आहे ना?

---

सूक्ष्मदृष्टी

लॅक्टोज आहे, पण मॅकॉन्की एन्झाइम दाखवत नाही, आम्ल दाखवतं. 1905 पासून वापरात असलेलं हे माध्यम : पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंना अडवतात, न्यूट्रल रेड आम्लात गुलाबी होतं. तिथे गुलाबी दिसायला आधी परमिएजने लॅक्टोज पेशीत आत आणायला हवं, मग गॅलॅक्टोसिडेजने ते तोडायला हवं, मग आंबवून पुरेसं आम्ल व्हायला हवं. यातली एक पायरी जरी मंद असली तरी पहिल्या दिवशी कॉलनी फिकट.

काहींकडे गॅलॅक्टोसिडेज असतं पण परमिएज कमकुवत असतं. त्यांना आपण उशिरा लॅक्टोज आंबवणारे म्हणतो. शिगेला सोनी हे नेहमीचं उदाहरण. तुझ्या प्लेटमध्ये आयपीटीजी हे रसायन घातलेलं असेल तर ते गॅलॅक्टोसिडेज चालूही करून देतं, त्यामुळे तिथे ठसठशीत गुलाबी. दोन माध्यमं एकमेकांना खोटं पाडत नाहीयेत, दोघांना विचारलेले प्रश्न वेगळे आहेत.

दुसरी शक्यताही तपास. एरोमोनस पाण्यात सर्रास असतो, त्याच्याकडेही गॅलॅक्टोसिडेज असतं आणि तो कोलिफॉर्म नाही. म्हणून गुलाबी कॉलनीला ऑक्सिडेज चाचणी (ते एन्झाइम आहे का हे रंगावरून सांगणारी) आवश्यक असते : निगेटिव्ह आली तरच कोलिफॉर्म धरायचं. मात्र चाचणी रंगीत प्लेटवरून किंवा मॅकॉन्कीवरून थेट करू नकोस, आम्लामुळे आणि रंगामुळे घोळ होतो. न्यूट्रिएंट अगारवर वाढव, तिथून लाकडी काडीने उचलून अभिकर्मकाच्या कागदावर घास. नायक्रोमची तार नको, तिच्यामुळे खोटा पॉझिटिव्ह येतो. जांभळा रंग 10 सेकंदांच्या आसपास आला तर पॉझिटिव्ह. नंतर हळूहळू चढणारा रंग धरू नकोस.

---

अगारवाली

बाटलीचं राहिलं होतं. ती पद्धत आपल्याकडचीच, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत मांजा आणि सहकाऱ्यांनी काढलेली, 1982 साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी अमेरिकेत फेंग आणि हार्टमन यांनी ग्लुकुरॉनिडेजवरून ई. कोलाय ओळखायची चमकणारी चाचणी मांडली, अतिनील दिव्याखाली निळसर उजळणारी. तुझ्या बेंचवर आज त्या दोन्ही धाटण्या शेजारी शेजारी आहेत.

बाटलीतल्या कागदपट्टीत पेप्टोन, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करणारी एन्झाइम ज्यांच्याकडे आहेत ते जिवाणू वाढले की लोहाचं सल्फाइड होतं, तेच काळं. सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे ते करतात. ई. कोलाय स्वतः सहसा करत नाही! म्हणून बाटली काळी आणि निळी कॉलनी नाही, यात विसंगती नाही. विहिरीच्या तळाच्या गाळातले जिवाणूही बाटली काळी करू शकतात, आणि मैल्यातून आलेले क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू पाण्यात फार काळ टिकतात. काळी बाटली म्हणजे निकाल नाही, पण ती बाजूला सारायचीही नाही.

---

टीसीएलवाला

मी आमच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. प्लेटचं मला कळत नाही, विहिरीचं कळतं. बहिणी, शोषखड्डा किंवा संडास 10 मीटरच्या आत आहे का बघ. त्याहून महत्त्वाचं, तो विहिरीपेक्षा वरच्या अंगाला आहे का. आपल्या जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी गाळून यायला वेळच मिळत नाही. कठड्याबाहेर फरशी आहे का, धुण्याचं पाणी परत आत जातं का, दोर-बादली जमिनीवर पडते का, हेही लिहून ठेव.

आणि नमुना घेण्याआधी कोणी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं होतं का ते विचार. टाकलं असेल तर नमुन्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट लागतं, नाहीतर क्लोरीन बाटलीतही जिवाणू मारत राहतं आणि प्लेट उगीच स्वच्छ दिसते. देवळाजवळच्या विहिरीचंही हे विचारून घे.

---

जांभ्याची_विहीर

सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन निकाल देते.

वरच्या विहिरीच्या 1 मिलीच्या प्लेटवर गुलाबी सुट्या, मोजता येण्यासारख्या, निळी नाही. 10 मिलीच्या प्लेटवर मात्र दोन निळ्या, स्पष्ट, गर्द. फिकट आलेल्यांपैकी बहुतेक ऑक्सिडेज पॉझिटिव्ह निघाल्या, सूक्ष्मदृष्टी यांचा एरोमोनसचा अंदाज बरोबर दिसतोय. टीसीएल तिन्ही विहिरींत या पावसात अजून पडलेलंच नाही. आणि टीसीएलवाले दादा, वरच्या आवाटात गेल्या वर्षी बांधलेला एक शोषखड्डा विहिरीच्या वरच्याच अंगाला आहे. अंतर टेप लावून मोजणार आहे.

आता अहवालात 100 मिलीमध्ये 20 असं लिहायचं का? आणि त्या दोन निळ्या कॉलनींची आणखी खात्री कशी करू?

---

अगारवाली

"अंदाजे 20" लिही. दोन कॉलनींवरून काढलेला आकडा ढोबळच असतो, तो नेमका असल्यासारखा मांडू नकोस. जमलं तर 10 मिलीच्या आणखी प्लेट लावून सरासरी काढ. पण आकडा 20 असो की 5, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 सरळ सांगतं : 100 मिलीत ई. कोलाय सापडता कामा नये. मार्गदर्शकांसमोर आधीची गालिचा झालेली प्लेट आणि ही 10 मिलीची शेजारी ठेव, वाद घालायची गरज पडणार नाही.

खात्रीसाठी इंडोल कर. तेही एन्झाइमच, ट्रिप्टोफॅनेज. निळी कॉलनी शुद्ध करून पेप्टोन वॉटरमध्ये रात्रभर वाढव, कोव्हॅक अभिकर्मकाचे थेंब घाल, वर लाल कडं आलं तर उत्तम. मिथाइल रेड पॉझिटिव्ह, व्हीपी (व्होगेस-प्रॉस्कॉअर) आणि सायट्रेट या चाचण्या निगेटिव्ह आल्या की चित्र पूर्ण. ऑक्सिडेज निगेटिव्ह असलेल्या गुलाबी कॉलनींतल्या दोन-तीन सुद्धा याच रांगेत घाल. त्यात ग्लुकुरॉनिडेज नसलेला ई. कोलाय लपला असेल तर इथे कळेल.

वहिनींना मात्र इंडोलची वाट बघायला लावू नकोस. आजच सांग, पाणी खळखळ उकळून, झाकून गार करून प्यायचं, सगळ्याच घरांनी. प्लेट आणि काळ्या बाटल्या 121 अंशांना ऑटोक्लेव्ह करूनच टाक, घरी काही आणू नकोस.

---

टीसीएलवाला

पंचायतीला लेखी दे, प्लेटचा फोटो जोडून. टीसीएल टाकल्यावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी) स्वतः उभी राहून बघ, आणि पुढचा नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत पाठवायला सांग. शोषखड्ड्याचं अंतर मोजलंस की इथे टाक, तो कुठे हलवता येईल ते बघू.